घराचं ड्रेनेज शिकताय? पाण्याआधी हवेचा विचार करा

नळाचं काम शिकणाऱ्याला सुरुवातीला पाणी आणणाऱ्या पाइपांचंच आकर्षण असतं. तिथे चूक झाली की लगेच दिसते, जोडातून थेंब येतो, पुन्हा जोडलं की विषय संपतो. ड्रेनेजचं तसं नाही. तिथली चूक वास्तुशांत होऊन पाहुणे गेल्यावर कळते. कधी बाथरूममध्ये वास येतो, कधी वरच्या मजल्यावर फ्लश केलं की खालच्या मोरीतून गुडगुड ऐकू येते. तोवर टाइल्स बसलेल्या असतात.

हा लेख आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी, साइटवर मदतनीस म्हणून लागलेल्यांसाठी आणि स्वतःचं घर बांधताना मिस्त्री काय करतोय हे समजून घ्यायची इच्छा असणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातला एकमजली बंगला धरू: खाली स्वयंपाकघर, एक संडास-बाथरूम, वर एक संडास-बाथरूम, मागे पाइपांसाठी डक्ट आणि समोरच्या रस्त्यावर नगरपालिकेचं चेंबर. उंच इमारतींची गणितं वेगळी असतात. पण तत्त्व तेच, आणि ते छोट्या घरातच नीट कळतं.

१. पाइपला हात लावण्याआधी ट्रॅप समजून घ्या

ट्रॅप म्हणजे पाइपला दिलेला असा वाक, ज्यात कायम थोडं पाणी साचून राहतं. कमोडमध्ये तो आतच घडवलेला असतो, बेसिनखाली बॉटल ट्रॅप असतो, मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप. त्या साचलेल्या पाण्याला सील म्हणतात. ते किमान ५० मिमी खोल हवं. गटारातला वायू, झुरळं आणि तुमचं घर यांच्यामध्ये एवढाच पडदा आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये असा वाकडा पाइप लावलेल्या संडासाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, अजून त्याहून सोपं काही सापडलेलं नाही.

हे सील चार तऱ्हेने जातं. वापर नसला की पाणी वाळतं; उन्हाळ्यात गावी जाऊन आल्यावर बंद घराला येणारा वास बहुधा याचाच. जाळीखाली केस किंवा चिंधीचा धागा अडकून लोंबत राहिला की तो हळूहळू पाणी पलीकडे ओढून टाकतो. उरलेली दोन कारणं हवेची आहेत: पाइपमधून पाणी वेगाने जाताना मागे ओढ तयार होते आणि ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं, किंवा खाली हवा कोंडते आणि दाबाने ट्रॅपमधलं पाणी उलट वर ढकललं जातं.

वाळलेल्या ट्रॅपचा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होतं.

इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे जुन्या पद्धतीच्या नहाणी ट्रॅपमधली वाटी; तिच्यामुळेच तिथे सील टिकतं. केस अडकतात, पाणी तुंबतं, मग कुणीतरी जाळीखालची वाटी काढून फेकतं. पाणी झकास जायला लागतं आणि आठवड्याने वास सुरू होतो. नवीन कामात वाटीवर अवलंबून असलेला ट्रॅप घेऊच नका. खोल सीलचा, पी आकाराचा, वरून हात घालून साफ करता येईल असा घ्या.

२. हवेची वाट आखा

अरुंद तोंडाची बाटली उपडी केली की पाणी अडखळत, गचके खात पडतं, कारण त्याच तोंडातून हवेला आत शिरायचं असतं. उभ्या पाइपमध्ये वर हवेला तोंड ठेवलं नाही तर हेच होतं. फक्त तिथे हवा मिळेल तिथून ओढली जाते, आणि जवळची जागा म्हणजे तुमचा ट्रॅप.

म्हणून आपल्या बंगल्यात पहिला नियम हा: संडासाचा ११० मिमीचा उभा पाइप वरच्या मजल्याच्या जोडापाशी संपत नाही. तो त्याच व्यासाने गच्चीपर्यंत जातो आणि वर काउल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, लागते. पैसे वाचवायला वरचा भाग ५० मिमीचा करणारे आहेत. करू नका. सांडपाण्याचा पाइपही तसाच वर न्या.

गच्चीवर माणसांचा वावर असेल तर व्हेंट, म्हणजे पाइपचं हे हवेचं तोंड, गच्चीच्या पातळीपासून किमान २ मीटर उंच हवा. नुसतं छप्पर असेल तर छपरापासून ६०० मिमी. जवळपास, म्हणजे आडव्या ३ मीटर अंतरात, खिडकी असेल तर तिच्या वरच्या कडेपासून २ मीटर वर. शेजाऱ्याची खिडकीही यात धरायची; भांडणं तिथूनच सुरू होतात.

आणि भविष्य बघा. आपल्याकडे घर झाल्यावर पाच-सात वर्षांत गच्चीवर पत्र्याचं शेड येतंच. शेड घालणारा फॅब्रिकेटर व्हेंट मध्ये येतो म्हणून कापतो आणि पत्र्याखालीच सोडून देतो. मग वर वाळवणं घालायला गेलेल्या आजी "हा वास कसला" विचारत बसतात. व्हेंट गच्चीच्या मध्यावर न आणता कठड्याच्या कडेला आणलात तर हे टळतं. मालकालाही आधीच सांगून ठेवा.

दुसरा नियम: तळमजल्याचं कमोड वरून येणाऱ्या उभ्या पाइपच्या बुडाशी जोडू नका. वरून पडणारं पाणी आडव्या पाइपमध्ये वळताना मंदावतं, साचतं, आणि तिथे हवेचा दाब वाढतो. तो दाब खालच्या कमोडमधलं पाणी वर उसळवतो. तळमजल्याची जोडणी स्वतंत्र पाइपने थेट चेंबरमध्ये न्या. उभ्या पाइपच्या बुडाला ९० अंशांचा एकच बेंड लावण्याऐवजी ४५ चे दोन लावा. वळण सौम्य होतं आणि दाब कमी राहतो.

तिसरा: एकाच पातळीवर समोरासमोर दोन जोड देऊ नका. एका बाजूच्या फ्लशचं पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपात घुसतं. वर-खाली सरकवून द्या.

बाजारात फक्त आत हवा घेणारा, बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो. गच्चीपर्यंत पाइप नेणं शक्यच नसेल अशा एखाद्या शाखेला तो चालतो. पण तो ओढ थांबवतो, दाब नाही. घराला एक तरी उघडा व्हेंट हवाच.

३. नकाशा खालून वर काढा

नवशिके बाथरूमपासून सुरुवात करतात आणि रस्त्याच्या चेंबरपाशी पोहोचल्यावर अडकतात. उलट करा. प्लिंथ (जोतं) भरण्याच्याही आधी रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून घ्या आणि आतल्या पाइपचा तळ जमिनीपासून किती खोल आहे ते मोजा. ही इन्व्हर्ट लेव्हल. बाकी सगळं हिच्यावर ठरतं.

जुना, लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा असा: ४ इंची पाइपला ४० ला १ उतार, ६ इंचीला ६० ला १. म्हणजे ११० मिमीच्या पाइपला दर मीटरला २५ मिमी, १६० मिमीच्याला साधारण १७ मिमी. पाण्याचा वेग सेकंदाला ०.७५ मीटरच्या आसपास राहिला की मैला वाहून जातो, तळाशी बसत नाही. उतार वाढवत गेलं की काम आणखी चांगलं होईल असं नाही. खोली जास्त मिळाली तर पाइप तिरका न टाकता चेंबरमध्येच पातळी उतरवा. फरक ६०० मिमीहून जास्त असेल तर पाणी वरून धबाधबा न सोडता उभ्या पाइपने चेंबरच्या तळाशी आणा.

आता आपला बंगला. रस्त्याचं चेंबर ९०० मिमी खोल, आपल्या शेवटच्या चेंबरपासून १४ मीटरवर, जमीन सपाट. १६० मिमीचा पाइप, ६० ला १. म्हणजे १४ मीटरला साधारण २३५ मिमी उतार. आपलं चेंबर ६६५ मिमी खोल येईल. तिथून डक्टपर्यंत २ मीटर, ११० चा पाइप, ५० मिमी. डक्टच्या बुडाशी ६१५ मिमी. मस्त बसतं.

पण रस्त्याचं चेंबर ४०० मिमीच खोल निघालं तर? आपल्याकडे १६५ मिमी उरतात, म्हणजे पाइपची पाठ जवळजवळ जमिनीला लागते. वरून दुचाकी गेली तरी फुटेल. अशा वेळी पाइपची लांबी कमी करायची, चेंबरची जागा बदलायची किंवा प्लिंथ उंच करून भराव वाढवायचा, हे प्लिंथ होण्याआधी ठरवता येतं. नंतर फक्त चर्चा करता येते.

मैल्याचा आणि सांडपाण्याचा असे दोन उभे पाइप वेगळे ठेवा. मैल्याचा थेट चेंबरमध्ये जातो. बाथरूम आणि स्वयंपाकघराचं पाणी आधी गल्ली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेला ट्रॅप), मग चेंबरमध्ये. पुढेमागे सांडपाणी परसबागेला वळवायचं म्हटलं तर ही वेगळी व्यवस्था कामी येते. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप या दोन्हींना अजिबात जोडायचा नाही. जुलैच्या एका जोरदार सरीत चेंबर भरतं आणि उलटं पाणी सगळ्यात खालच्या ट्रॅपमधून घरात येतं.

बाथरूमच्या आत दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. एक, कमोड कोणतं. एस-ट्रॅपचं (पाणी खाली जमिनीत सोडणारं) असेल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, पी-ट्रॅपचं (मागे भिंतीत सोडणारं) असेल तर भिंतीतलं तोंड फिनिश जमिनीपासून किती उंच हे बदलतं. मापं घेताना प्लास्टर आणि टाइल धरायची. मालकाने कमोड निवडलेलं नसेल तर काम थांबवा, अंदाजाने पाइप काढू नका. दोन, संकन स्लॅबची, म्हणजे पाइप बसवायला बाथरूमखाली खाली उतरवलेल्या स्लॅबची, खोली. ट्रॅपची उंची, पाइपचा व्यास आणि उतार यांची बेरीज त्यात बसली पाहिजे. मोरीपासून डक्ट २.४ मीटर असेल तर फक्त उतारालाच ६० मिमी जातात.

संकनमध्ये कोबा भरण्याआधी तळाशी एक छोटा पाइप डक्टमध्ये काढून ठेवा. टाइलच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी तिथून निघून जातं. खालच्या छताला ओल आली तर आधी त्या पाइपकडे बघायचं.

४. सामान आणि हत्यारं

ड्रेनेजला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी यांसाठीचे) पाइप लागतात, भारतीय मानक आयएस १३५९२. त्यात दोन प्रकार. टाइप ए पातळ असतो, व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी. टाइप बी जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. ११० मिमीमध्ये ए ची जाडी २.२ मिमीपासून, बी ची ३.२ मिमीपासून. रंग सारखा, व्यास सारखा, किमतीत फरक. दुकानदार "सगळे हेच नेतात" म्हणत ए देतो. पाइपवरची छपाई वाचा आणि शंका आली तर कॅलिपर लावा. शेतीचे पाइप ड्रेनेजला वापरणारेही भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा.

- पाइप: ११०, ७५ मिमी, जमिनीखाली १६० मिमी
- वाय, टी, ४५ चे बेंड, डोअर टी, डोअर बेंड, कपलर, काउल
- नहाणी ट्रॅप, गल्ली ट्रॅप, बॉटल ट्रॅप
- क्लॅम्प, रबर रिंग, लुब्रिकंट, सॉल्व्हंट सिमेंट
- हॅक्सॉ, कानस, मार्कर, टेप, ओळंबा, दोरी
- पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी. लेसर असला तरी ही जवळ ठेवा, तिची बॅटरी संपत नाही
- हातमोजे, गॉगल

५. जोडणी

पाइप काटकोनात कापा, कड कानशीने तिरकी करा, आतले बुरे (कापताना राहिलेल्या खरखरीत कडा) काढा. आतला एक बुरा पुढे केस आणि चिंध्या धरून ठेवायला पुरतो.

रिंगफिट (रबर रिंगवर बसणाऱ्या) जोडात रबर रिंग खाचेत नीट बसली का ते बोटाने फिरवून पाहा. लुब्रिकंट म्हणून तेल किंवा ग्रीस वापरू नका, रबर खराब होतं. पाइप पूर्ण आत ढकला, खूण करा, मग १० मिमी मागे ओढा. ही जागा पाइपला उन्हात वाढायला लागते. तीन मीटरचा पाइप तीस अंशांच्या फरकात पाच-सहा मिमी लांबतो, आणि नागपूर-अकोल्याकडे बाहेरच्या भिंतीवर एवढा फरक रोजचा आहे. सॉल्व्हंटने जोडायच्या सेलफिट पाइपला हा वाव नसतो, म्हणून उघड्यावरच्या लांब उभ्या पाइपला मी रिंगफिटच सांगतो.

सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येणाऱ्या दिशेकडे. आडव्या पाइपमध्ये टी नको, वाय घ्या. दिशा बदलते तिथे आणि उभ्या पाइपच्या बुडाला डोअर, म्हणजे साफसफाईसाठी उघडणारं दार, असलेलं फिटिंग द्या, आणि दार हाताला येईल अशा बाजूला ठेवा. भिंतीकडे तोंड केलेली दारं मी खूप पाहिली आहेत. ती कधीच उघडत नाहीत.

क्लॅम्प आडव्याला साधारण मीटरभरावर, उभ्याला २ मीटरच्या आत. आडव्या पाइपला मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं, साबण साचतो, मग सगळंच साचतं.

स्लॅबमधून पाइप जायचा असेल तर काँक्रीट ओतण्याआधी स्लीव्ह (पाइप जाण्यासाठीची मोठी नळी) टाकून घ्या. राहून गेलं तर कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक पाडणं), आणि तेही अभियंत्याला विचारून. बीमला हात लावायचा नाही, ठेकेदार काहीही म्हणो.

६. जमिनीखाली

चर खणल्यावर तळ ठोकून घ्या आणि वाळू किंवा बारीक मुरूम पसरून त्यावर पाइप बसवा. दगडावर टेकलेला पाइप तिथेच फुटतो. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या मातीत जास्त काळजी हवी: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला वर-खाली ओढते. तिथे काळी माती काढून मुरमाचा भराव करा आणि चेंबरजवळ रबर रिंगचा जोड ठेवा, म्हणजे थोडी हालचाल सहन होते.

वळण, दोन पाइपांचा संगम आणि उताराचा बदल, या प्रत्येक जागी चेंबर. चेंबरचा तळ सपाट सोडायचा नाही. पाइपच्या रेषेत अर्धगोल चॅनल आणि दोन्ही बाजूंना त्याकडे उतरतं बेंचिंग. गवंड्याजवळ उभं राहून हे करून घ्या, नाहीतर तो सवयीने सपाट कोबा करून मोकळा होतो.

७. गटार नसेल तर सेप्टिक टँक

गावात बहुतेकदा हेच. पाच माणसांच्या घराला टाकी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद, पाण्याची खोली सुमारे १ मीटर, पाण्याचं माप किमान १००० लिटर. टाकीला स्वतःचा व्हेंट हवा, किमान ५० मिमी, वर डास जाणार नाहीत अशी जाळी. घर १५ मीटरच्या आत असेल, आणि ते असतंच, तर व्हेंट घराच्या माथ्याहून २ मीटर वर.

टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात. तो विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर ठेवा. कोकणात पावसाळ्यात भूजल खूप वर येतं. ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी कुठवर असतं ते विचारून मगच खड्ड्याची जागा आणि खोली ठरवा.

एक गोष्ट ठामपणे: वापरातल्या टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये उतरायचं नाही. पडलेलं पक्कड काढायलाही नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद करतो, त्यामुळे "वास येत नाही" याला अर्थ नाही. एक जण पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय टाकी किंवा गटार साफ करायला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवा.

८. झाकण्याआधी चाचणी

टाइल्स आणि भराव यांच्या आधीच. शेवटचं तोंड प्लगने बंद करा, पाणी भरा, पातळीवर खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून गळती शोधा.

जमिनीखालच्या सरळ पाइपसाठी दोन जुन्या चाचण्या अजून उत्तम आहेत. एका चेंबरमध्ये दिवा, दुसऱ्यात आरसा: पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ, चंद्रकोर दिसली तर कुठेतरी झोळ. दुसरी, पाइपच्या आतल्या व्यासाहून १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडायचा. तो घरंगळत खाली आला पाहिजे. आत सिमेंटचा गोळा पडलेला असेल तर इथेच कळतं.

शेवटी वरचा फ्लश ओढा आणि मदतनिसाला खालच्या मोरीपाशी उभं करा. ट्रॅपमधलं पाणी हललं किंवा गुडगुडलं तर हवा अडली आहे. सिमेंटची पिशवी कोंबून ठेवलेला काउल हे सर्वात साधं कारण, ते आधी बघा.

सगळं ठीक असेल तर झाकण्याआधी टेप ठेवून फोटो काढा आणि मालकाला द्या.

९. शिक्षण, परवाना, कागदपत्रं

आयटीआयचा नळ कारागीर अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करा, आणि शक्यतो ड्रेनेजचं काम चालू असलेल्या साइटवर. वाचायला राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ९. सेप्टिक टँकसाठी आयएस २४७०. भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात, हे फारच थोड्या प्लंबरना माहीत आहे.

शहरात गटाराला जोडणी घ्यायची तर काम परवानाधारक प्लंबरच्या नावाने जातं. नियम प्रत्येक महापालिकेचे आणि नगरपालिकेचे वेगळे. आधी खिडकीवर जाऊन यादी घ्या. साधारण हे तयार ठेवा:

- मंजूर बांधकाम नकाशा
- ड्रेनेजचं रेखाचित्र, चेंबरच्या खोल्या लिहिलेलं
- मालकीचा कागद आणि मालमत्ता कराची पावती
- परवानाधारक प्लंबरची सही असलेला अर्ज
- रस्ता खणायचा असल्यास खोदाईची परवानगी

खोदाईची परवानगी पावसाळ्याच्या तोंडावर मागू नका, बहुतेक ठिकाणी त्या दिवसांत रस्ता खणू देत नाहीत.

बंगल्यांची कामं स्वतंत्रपणे करता यायला लागली की इमारतींची कामं येऊ लागतील. तिथे उभ्या पाइपशेजारी दुसरा फक्त हवेचा पाइप येतो, आणि पाइपचा व्यास फिक्स्चर युनिट (प्रत्येक कमोड, बेसिन किती पाणी सोडतं याचं माप) मोजून ठरतो. ते काम अंदाजाने घेऊ नका. संहितेतली कोष्टकं आणि अभियंत्याची सही, दोन्ही हातात असल्याशिवाय पाइप मागवू नका.